तेरा दिवस, अठराशे बूथ: सांगलीतून लोकसभेला पहिल्यांदा उभे राहणाऱ्यांसाठी

सांगली लोकसभेचा विषय निघाला की नवखा इच्छुक हमखास २०२४ चा दाखला देतो. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह मिळाले, ५,७१,६६६ मते पडली आणि लाखाच्या फरकाने निवडून आले. मग आपण का नाही? पण हा दाखला अर्धाच आहे. वसंतदादांचे घराणे, २०१९ ला एकदा लढवलेली लोकसभा आणि गावोगाव आधीपासून उभी असलेली काँग्रेसची माणसे, एवढे सगळे त्या लिफाफ्यात होते. त्याच निवडणुकीत मशाल, म्हणजे ठाकरेंच्या शिवसेनेचे चिन्ह, घेऊन उतरलेले चंद्रहार पाटील दोनदा महाराष्ट्र केसरी. जिल्ह्यातल्या तालमी-तालमीत ओळखीचे नाव, मागे मान्यताप्राप्त पक्ष. तरी ६०,८६० वर थांबले आणि अनामत गेली. नवख्याने अभ्यास करायचा तो या दुसऱ्या आकड्याचा.

आधी हिशेब घाला. सांगली लोकसभेत मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत असे सहा विधानसभा मतदारसंघ. मतदार सुमारे १८ लाख, मतदान केंद्रे अठराशेच्या आसपास. २०२४ ला अर्ज माघारीचा दिवस २२ एप्रिल होता, प्रचार ५ मे रोजी संध्याकाळी थांबला. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीनंतर, म्हणजे चिन्ह हातात आल्यावर उरले तेरा दिवस. अठराशे भागिले तेरा, रोज १३८ बूथ. त्यात मे महिन्यात सकाळी अकरा ते दुपारी चार रस्त्यावर चिटपाखरू नसते, रात्री दहानंतर भोंगा बंद. जतच्या पूर्वेला उमदी-संखकडे एक फेरी मारली की दिवस संपला. तेरा दिवसांत उमेदवार सगळीकडे पोचत नाही, पोचलेला असावा लागतो. वर्षभर आधी बूथनिहाय माणसे जोडलेली नसतील तर पुढचे सगळे वाचून विधानसभेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या तयारीला लागलेले बरे.

पात्रतेचे थोडक्यात. छाननीच्या दिवशी वय २५ पूर्ण हवे. मतदार देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाचे असाल तरी चालते. मात्र बाहेरचे असाल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत छाननीपर्यंत द्यावीच लागते. सरकारी पगारावरच्या माणसाने नोकरी सोडल्याशिवाय अर्ज भरू नये. कंत्राटदारांना एक गोष्ट कुणी सांगत नाही: केंद्र सरकारशी स्वतःच्या नावावर माल पुरवण्याचा किंवा कामाचा करार चालू असेल तर तो लोकसभेला आडवा येतो. काम पूर्ण करून दिले आहे, फक्त बिल अडकले आहे, असे असेल तर अडचण नाही.

आता सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचे नाव सुचवणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि फक्त नोंदणीकृत असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. दहाही याच लोकसभा मतदारसंघाचे मतदार हवेत, आणि चूक नेमकी इथेच होते. सांगली जिल्हा आणि सांगली लोकसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्लामपूर आणि शिराळा विधानसभा हातकणंगले लोकसभेत जातात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण मिरज तालुक्यातली कसबे डिग्रज, तुंग, दुधगाव या भागातली गावेही इस्लामपूर विधानसभेत आहेत, हे सांगलीत राहणाऱ्यालाही पटकन आठवत नाही. डिग्रजचा मेहुणा सूचक म्हणून सही करतो, दहाचे नऊ होतात आणि अर्ज छाननीत उडतो. साताऱ्यातही तसेच, माण आणि फलटण माढ्यात आहेत. म्हणून दहाऐवजी चौदा-पंधरा सूचक मनात धरा आणि प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून स्वतः काढा. क्रमांकात किरकोळ चूक झाली तर ती दुरुस्त होऊ शकते. सही खोटी निघाली तर अर्जच बाद. अंगठा लावणारा सूचक असेल तर त्याचा अंगठा अधिकाऱ्यासमोरच उमटावा लागतो, घरून लावून आणलेला चालत नाही.

एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात. पक्षाच्या तिकिटाची आशा असलेल्यांनी याचा उपयोग करावा. जागावाटपाचा घोळ शेवटच्या दिवसापर्यंत चालतो, हे सांगलीकरांना २०२४ नंतर वेगळे सांगायला नको. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, मूळ शाईच्या सहीचा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही. फॉर्म आलाच नाही आणि अर्जावर सूचक एकच असेल, तर तुम्ही अपक्षही उरत नाही. पक्षाच्या नावाने अर्ज भरतानाही अर्जाच्या एका संचावर दहा सूचकांच्या सह्या घेऊन ठेवाव्यात त्या यासाठी.

अर्ज म्हणजे नमुना २-अ. त्याच्याबरोबर नमुना २६ चे शपथपत्र, नोटरीसमोर किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर केलेले. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. रोख किंवा कोषागारात चलनाने भरायची, चेक घेत नाहीत. शपथपत्रात स्वतःचे, पती किंवा पत्नीचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबून असलेल्यांचे पॅन, पाच वर्षांच्या विवरणपत्रातले उत्पन्न, सोने, गाड्या, शेतजमिनीचे गट क्रमांक, बँक-पतसंस्था-सोसायटीची कर्जे, सरकारी थकबाकी, गुन्हे. एकही रकाना कोरा सोडू नका. तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहा; नुसती आडवी रेघ नको. कोरे रकाने दाखवून दिल्यावरही भरले नाहीत तर अर्ज नाकारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्रामीण भागात सगळ्यात जास्त राहून जाते ते सामाईक सातबाऱ्यावरचे नाव आणि दुसऱ्याच्या कर्जाला दिलेले जामीन. गेल्या दहा वर्षांत सरकारी घर मिळाले असेल तर भाडे, वीज, पाणी, टेलिफोन यांचे थकबाकी नसल्याचे दाखले लागतात. ते मिळवायला आठवडा जातो.

अर्ज घेण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, दालनात उमेदवारासह पाच माणसे. २०२४ ला १२ ते १९ एप्रिल अशी मुदत होती. त्यात आंबेडकर जयंतीचा रविवार आणि रामनवमी असे सुट्टीचे दिवसही गेले. शक्तिप्रदर्शनासाठी शेवटचा दिवस धरणारे मिरवणुकीतच अडीच वाजवतात. पहिला संच पहिल्या दोन दिवसांत गुपचूप भरा, त्रुटींची तपासणी यादी हातात घ्या, हवी तर मिरवणूक दुसऱ्या संचाला काढा. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायला विसरू नका. ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झालीच पाहिजे. तिथल्या तिथे घेऊन दाखला खिशात घालणे उत्तम.

चिन्हासाठी अर्जात तीन पसंती लिहायच्या असतात आणि पहिल्या संचातलीच पसंती धरतात. दोघांनी एकच मागितले तर सोडत. नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला अपक्षाच्या आधी मिळते. चिन्ह निवडताना दोनच कसोट्या: म्हातारीला एका शब्दात सांगता आले पाहिजे आणि लहान काळ्या-पांढऱ्या चित्रात ते दुसऱ्या कशासारखे दिसता कामा नये. दुसऱ्या कसोटीची किंमत साताऱ्याने २०२४ ला पाहिली. शशिकांत शिंदे यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळाली पिपाणी. शिंदे ३२,७७१ मतांनी पडले, पिपाणीला ३७,०६२ मते मिळाली होती. आणखी एक. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष असा क्रम असतो. उमेदवार १५ पेक्षा जास्त झाले की दुसरे मशीन जोडतात आणि अपक्ष बहुधा त्या दुसऱ्यावर जातो. तसे झाले तर प्रत्येक पत्रकावर ‘दुसरे मशीन, अमुक नंबर’ असेच छापा. नुसता नंबर सांगितला तर मतदार पहिल्या मशीनवर शोधत बसतो.

पैशाचे गणित लोक उलटे करतात. महाराष्ट्रात लोकसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख. आकडा मोठा वाटतो, पण मतदारांनी भागला तर माणशी पाच रुपये. दोन जाहीर सभा आणि चार पानांच्या रंगीत पत्रकात नवखा निम्मे उडवतो आणि मतदानाच्या दिवशी बूथवर बसणाऱ्याच्या जेवणाला पैसे उरत नाहीत. अठराशे बूथ, प्रत्येकी फक्त ५०० रुपये धरले तरी नऊ लाख होतात. हे नऊ लाख पहिल्या दिवशी बाजूला काढा, नंतर मंडपवाल्याला फोन करा.

निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचे. उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत (उमेदवाराने स्वतःच्या वतीने अधिकृतपणे नेमलेला माणूस) संयुक्त. बायकोबरोबरचे जुने संयुक्त खाते चालत नाही, तिलाच प्रतिनिधी नेमले असेल तर गोष्ट वेगळी. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० च्या वर रोख देता येत नाही. डिझेल रोज थोडे-थोडे रोखीने भरणारा चौथ्या दिवशी इथे अडकतो. खर्चाच्या वहीत पांढरी, गुलाबी आणि पिवळी अशी तीन रंगांची पाने: रोजचा खर्च, रोख, बँक. प्रचारकाळात किमान तीनदा तपासणी होते आणि तिकडे अधिकाऱ्यांची समांतर वही चालूच असते. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, जीप यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देते. मित्राने जीप फुकट दिली तरी ती दरपत्रकाप्रमाणे तुमच्या खर्चात येते. वाहनाचा परवाना काढला, दोन दिवसांनी गाडी बंद पडली आणि परवाना परत केला नाही, तर उरलेल्या दिवसांचेही भाडे तुमच्या नावावर चढते. प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवाच. प्रेसवाला ओळखीचा असला तरी प्रकाशकाचे घोषणापत्र दोन साक्षीदारांच्या सहीसह त्याला द्या, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उमेदवाराच्या नावावर गुन्हे असतील तर माघारीनंतर प्रचार संपेपर्यंत ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात. हाही खर्च तुमचाच.

मतदार यादी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला फुकट मिळते, इतरांना विकत घ्यावी लागते. ती मिळाल्यावर करायचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच निवडणुकीचे खरे काम आहे. एका भागात साधारण हजार नावे. गावातला एक माणूस, शक्यतो रेशन दुकानात किंवा दूध डेअरीवर बसणारा, पेन्सिल घेऊन प्रत्येक नावापुढे खूण करतो: गावात, बाहेरगावी, मयत, लग्न होऊन गेलेली. खानापूर-आटपाडीकडे या कामाला दुप्पट किंमत आहे. तिथले गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातले लोक देशभर पसरलेले. नाव गावच्या यादीत, माणूस हजार किलोमीटरवर. त्यांना टपाली मतदान नाही. यात्रेला किंवा लग्नाला कोण कुठल्या तारखेला येतोय आणि मतदानापर्यंत थांबणार का, एवढे त्या खुणेच्या शेजारी लिहिलेले असावे. जतच्या सीमेवरच्या गावांत मराठी भाषण ऐकून घेतात, पण घरात बोलतात कानडी. तिथे कानडी बोलणारा कार्यकर्ता आणि कानडी पत्रक न्या. तासगाव-कवठेमहांकाळला बेदाण्याचे आणि द्राक्षांचे दर, पलूस-कडेगावला उसाचे बिल, जतला म्हैसाळ योजनेचे पाणी, मिरज-सांगलीत कृष्णेचा पूर. सहा ठिकाणी एकच भाषण केले तर लोक ऐकतात आणि पाठ फिरली की हसतात. नवीन नावे घालायची असतील तर अर्जाच्या मुदतीआधी किमान दहा दिवस धरून नमुना ६ भरा. अर्जाचा शेवटचा दिवस उलटला की यादीत नाव वाढत नाही.

मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट लागतो. त्याच्या नेमणुकीचा नमुना १० उमेदवाराने किंवा निवडणूक प्रतिनिधीने स्वतः सही करून द्यायचा असतो, आणि त्या सहीचा नमुना प्रत्येक केंद्राध्यक्षाकडे आधीच गेलेला असतो. अठराशे फॉर्म, एका सहीला दहा सेकंद, म्हणजे सलग पाच तास. म्हणून काही जण पुतण्याला बसवतात आणि पहाटे बूथवर सही जुळत नाही म्हणून एजंट बाहेर. आठवडाभर आधीपासून रोज रात्री तीनशे सह्या केल्या तर काम सहा दिवसांत उरकते. सहा विधानसभांचे गठ्ठे वेगळे ठेवा, नाहीतर जतचे फॉर्म कडेगावला जातात.

मतदान सात वाजता सुरू होत असेल तर अभिरूप मतदान साडेपाचला. निदान ५० मते टाकून दाखवतात. एजंटने तिथे हजर राहून मशीनचे आणि कागदी सीलचे क्रमांक टिपायचे, आणि अभिरूप मतदानाची मते पुसली गेली हे डोळ्यांनी पाहायचे. संध्याकाळी १७-सी, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना, त्याची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचे नाही. मतमोजणीत मशीनवरची एकूण मते त्याच कागदाशी ताडून पाहायची असतात. मतदारांना गाडीने आणणे हा भ्रष्ट आचार ठरतो, त्या दिवशी फक्त परवाना मिळालेल्या गाड्या: उमेदवाराला एक, प्रतिनिधीला एक, प्रत्येक विधानसभेत कार्यकर्त्यांसाठी एक.

अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात. २०२४ ला सांगलीत पहिल्या तिघांचीच मते ११ लाखांवर गेली होती, म्हणजे १ लाख ८४ हजारांच्या खाली आलेल्याने पंचवीस हजार विसरायचे. पण डिपॉझिट गेले म्हणून घरी बसू नका. निकालानंतर ३० दिवसांत सगळ्या पावत्यांसह खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, पाचशे मते पडलेल्यानेसुद्धा. न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो आणि ती अपात्रता विधानसभेलाही लागू होते, जी २०२४ ला पाचच महिन्यांनी आली होती. मंडपवाल्याचे आणि प्रेसचे शेवटचे बिल निकालाच्या आठवड्यातच मागून घ्या, हिशेब दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या आणि तिची एक प्रत घरी, एक वकिलाकडे ठेवा.