मेंदूत बसवायच्या उपकरणासाठी अनुदान मागताना

अमेरिकेत न्यूरोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी किंवा पोस्टडॉक करणारी आपली मुले-मुली हल्ली वारंवार एकच प्रश्न विचारतात. मेंदूचे संकेत टिपणारे आणि त्याला विद्युत उद्दीपन देणारे उपकरण प्रयोगशाळेत चालते आहे; आता ते रुग्णापर्यंत नेण्यासाठी एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या ब्रेन इनिशिएटिव्ह या मेंदू-संशोधन कार्यक्रमाकडे अनुदानासाठी अर्ज कसा करावा? अर्जाची पाने, नोंदणी, मुदती हे सारे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देते.

शरीरात बसवायच्या उपकरणांसाठीची यूजी३/यूएच३ ही योजना दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात उपकरणाच्या सुरक्षिततेच्या चाचण्या पुऱ्या करून एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी संस्थेकडून आयडीई, म्हणजे प्रायोगिक उपकरण माणसांवर वापरण्याची मुभा, मिळवायची असते, आणि दुसऱ्यात मोजक्या रुग्णांवर प्राथमिक अभ्यास करायचा असतो. पहिल्या टप्प्याचे पैसे मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळतीलच असे नाही. अर्जात तुम्हीच लिहून दिलेले माइलस्टोन, म्हणजे कामाचे ठरलेले टप्पे, गाठले गेले की नाही, हे पाहूनच तो निर्णय होतो.

आमचा गट नेमका इथेच अडकला, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. चाचण्या ज्या उपकरणावर झाल्या ते आणि रुग्णाच्या डोक्यात बसणार ते, ही दोन्ही एकच असावी लागतात. साहित्य तेच, जुळवणी तीच, धुण्याची आणि निर्जंतुकीकरणाची पद्धतही तीच. आमच्या लीड्स, म्हणजे मेंदूत जाणाऱ्या इलेक्ट्रोडच्या तारा, ६७ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटल्यांत ठेवलेल्या असत. तापमान १० अंशांनी वाढले की झीज साधारण दुप्पट वेगाने होते असे धरतात, त्यामुळे शरीराच्या ३७ अंशांच्या तुलनेत तिथला एक महिना सुमारे आठ महिन्यांच्या बरोबरीचा होतो. झाकणाभोवती जमलेले मीठ पुसायचे, १ किलोहर्ट्झला इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, मोजायचा, आणि तो एकाएकी घसरला की कुठेतरी सीलमधून पाणी शिरले असे समजायचे. हे सुरळीत चालू असताना कनेक्टरच्या सांध्यात वापरायचे सिलिकोन पुरवठादाराने बनवणेच बंद केले. नवे सिलिकोन डोळ्यांना अगदी तसेच दिसत होते. परंतु या बदलाने सुरक्षिततेत काहीही फरक पडत नाही हे पुराव्यानिशी मांडा, नाहीतर संबंधित चाचण्या पुन्हा करा, याखेरीज तिसरा मार्ग उरत नाही. जैवसुसंगततेची चाचणी (साहित्य शरीराला अपाय करत नाही ना, हे पाहणारी) आणि मेंढ्यांवरील अभ्यास यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागेल, ही शक्यता अंदाजपत्रकात कोणी धरलेलीच नव्हती.

यावर उपाय अर्ज लिहितानाच करावा लागतो. डिझाइन फ्रीझची, म्हणजे यापुढे रचनेत बदल करायचा नाही असे ठरवण्याची, तारीख हा स्वतंत्र माइलस्टोन असू द्या, आणि महागड्या प्राणी-चाचण्या त्यानंतरच ठेवा. महत्त्वाच्या साहित्याचा साठा आधीच विकत घेऊन ठेवण्याची तरतूद करा. ‘लीडची टिकाऊपणा चाचणी पूर्ण करणे’ हा माइलस्टोन नव्हे. अंतिम रचनेच्या, निर्जंतुक केलेल्या किती लीड्स, किती काळ भिजवून, इम्पिडन्समध्ये किती टक्क्यांपर्यंतचा बदल चालेल, असे आकडे लिहिले तरच त्याला माइलस्टोन म्हणता येते.

आधी डेटा, मग एफडीए, असे बजावणारे मार्गदर्शक पुष्कळ भेटतात. मला हा सल्ला घातक वाटतो. एफडीएच्या प्री-सबमिशनला, म्हणजे औपचारिक अर्जाआधी त्यांचे मत विचारण्याच्या सोयीला, शुल्क नाही, आणि प्राण्यांवर किती काळ चाचणी पुरेशी ठरेल हे तिथे आधीच विचारता येते. अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागारांविषयीही माझे मत फारसे बरे नाही. भाषा गुळगुळीत होते, पण सिलिकोनचा प्रश्न त्यांना सुचत नाही. त्यापेक्षा एका पानाची उद्दिष्टे लिहून एनआयएचमधल्या प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे ती योजना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवा. ही मंडळी उत्तर देतात, आणि नवख्यांना तर आवर्जून देतात.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते. तुमचा प्रश्न मेंदूतील संकेतांविषयी असेल, तर स्वतःचे उपकरण बनवण्याच्या फंदात पडू नका. मेडट्रॉनिक कंपनीचे पर्सेप्ट पीसी हे मेंदूला उद्दीपन देणारे उपकरण २०२० मध्ये एफडीएने मंजूर केले आणि ते उद्दीपन चालू असतानाच संकेत टिपते. पैशांची स्थितीही ध्यानात घ्या: ब्रेन इनिशिएटिव्हची तरतूद २०२३ मधील ६८ कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये ४०.२ कोटींवर आली. नाकारला गेलेला प्रत्येक अर्ज वाईटच होता असे त्यामुळे मुळीच समजू नका.

व्हिसाची धास्ती मात्र अनेकांना नको तिथे वाटते. एनआयएचच्या एफ३२ या पोस्टडॉक फेलोशिपसाठी अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते, हे खरे आहे. परंतु पोस्टडॉकमधून स्वतंत्र संशोधनाकडे जाण्यासाठीच्या के९९/आर०० या अनुदानाला तशी अट नाही, आणि आर०१ या नेहमीच्या संशोधन अनुदानासाठी अर्जदार तुम्ही नव्हे, तुमचे विद्यापीठ असते.

अभ्यास संपल्यावर रुग्णाच्या डोक्यातल्या उपकरणाची बॅटरी कोण बदलणार, आणि ते काढायची वेळ आली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण उचलणार, याचे लेखी उत्तर रुग्णालयाकडून अर्जापूर्वीच घ्या. समीक्षक ते विचारतात, आणि रुग्णालयाच्या कायदा विभागातून असे पत्र बाहेर पडायला काही महिने सहज जातात, तेव्हा अर्जाचा मसुदा तयार होण्याची वाट न पाहता ती मागणी आधीच करून ठेवा.