प्लेटलेटची नवी गोळी सुरू झाली? मग या चुका टाळा

आयटीपी, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट शरीर स्वतःच नष्ट करतं तो आजार, झालेल्यांचे सुरुवातीचे महिने बहुतेक वेळा स्टेरॉइडवर जातात. चेहरा सुजतो, साखर वाढते, झोप उडते, आणि डोस उतरवायला घेतला की प्लेटलेटचा काउंट पुन्हा खाली. मग डॉक्टर एल्ट्रोम्बोपॅग ही प्लेटलेट वाढवणारी गोळी लिहून देतात. २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध आता आपल्याकडे जेनेरिकही मिळतं. औषध चांगलं आहे, मी स्वतः त्यावर आहे. पण रक्तविकारांच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर एक वाक्य सारखं कानावर पडतं, "मला ती गोळी लागूच पडली नाही." दोन प्रश्न विचारले की कळतं, गोळी रोज घेतली होती, पण ती अंगी लागेल अशी कधी घेतलीच नव्हती.

दूध, चहा आणि कॅल्शियमबरोबर गोळी

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती टाळायला एक पैसाही लागत नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचा काउंट नऊ-दहा हजारांवर अडकला होता. डोस २५ वरून ५०, ५० वरून ७५ मिलिग्रॅम झाला, तरी आकडा हलेना. प्लीहा काढायचं ठरत आलं होतं, त्याआधीच्या लसीसुद्धा देऊन झाल्या होत्या. त्याच सुमारास एका लग्नासाठी मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. सकाळी ओट्यावर स्टीलच्या पेल्यात गरम दूध, शेजारी बशीत तीन गोळ्या: एल्ट्रोम्बोपॅग, हाडांसाठीची कॅल्शियमची आणि लोहाची. काकूंनी तिन्ही एका घोटात घेतल्या.

"काकू, ही गोळी रोज दुधाबरोबरच घेता?"

"मग काय! एवढं उष्ण औषध, नुसत्या पाण्याबरोबर घेतलं तर पोटात आग पडेल. आणि सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही गं."

एल्ट्रोम्बोपॅग कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक यांना चिकटतं, आणि चिकटलं की आतड्यातून रक्तात जात नाही. भरपूर दूधदुभतं असलेल्या नाश्त्याबरोबर घेतलं तर निम्म्याहून जास्त औषध वाया जातं. काकू तर वर कॅल्शियम आणि लोहही घेत होत्या.

त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलायला सांगितली, शिवाय डोस खाली आणला आणि दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला लावली. डोस खाली का, हे इथे नीट समजून घ्या. ७५ चा डोस वाया जात असताना दिलेला होता. तोच अचानक पूर्ण अंगी लागला तर काउंट नको इतका चढू शकतो. म्हणून दुधाची चूक लक्षात आली तर गुपचूप सुधारू नका, डॉक्टरांना सांगून सुधारा. पुढच्या काही आठवड्यांत काकूंचा काउंट साठ हजारांच्या वर गेला आणि ऑपरेशन टळलं.

नियम असा: गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियम, लोह, मिनरल असलेलं मल्टिव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीचं पातळ औषध घेतल्यावर चार तास गोळी नाही, आणि गोळीनंतर दोन तास यातलं काही नाही. आपल्या ताटातली नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणीही या यादीत धरा, दोन्हींत भरपूर कॅल्शियम असतं. चहात 'थोडंसंच' दूध आहे, ही पळवाट मला मान्य नाही.

मी गोळी रात्री घेते. पाचला शेवटचा चहा, साडेसातला जेवण, त्यात ताक-दही नाही, आणि दहाला गोळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. पुष्कळ जण पहाटे उठल्या उठल्या घेतात, तेही बरोबरच आहे. पण ज्या घरात डोळे उघडले की चहा लागतो तिथे सकाळचा बेत आठवडाभरही टिकत नाही, असं मी पाहिलं आहे.

आकडा वर आला, गोळी बंद

दुसरी चूक तरुण मुलं करतात. ओळखीतल्या एका कॉलेजातल्या मुलाचा काउंट एक लाख चाळीस हजार आला. घरात पेढे वाटले गेले आणि गोळ्यांची पाकिटं कपाटात गेली. दोनेक आठवड्यांत पायांवर लाल ठिपके, मग घोळणा फुटला तो थांबेना, तोंडात आतून रक्ताचे फोड. काउंट चार हजार. गोळी सुरू करण्यापूर्वीही तो इतका खाली कधी गेला नव्हता.

आयटीपीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटवर खूण करते आणि प्लीहा त्या गिळून टाकते. एल्ट्रोम्बोपॅग हा नाश थांबवत नाही. ते अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावतं. गळक्या टाकीत नळ मोठा सोडावा, तसं. औषध एकदम तोडलं की काउंट पहिल्यापेक्षाही खाली जाऊ शकतो. काही रुग्णांची गोळी पुढे खरोखर सुटते, पण ती डॉक्टरांनी हळूहळू उतरवत, दर आठवड्याला रक्त तपासत सोडवलेली असते. खर्च झेपत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. स्वस्त जेनेरिक शोधता येतं, दुसरं औषध निवडता येतं. परस्पर एक दिवसाआड गोळी घेऊ नका. आणि एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

स्टेरॉइडचंही तेच. नवी गोळी हातात आली म्हणून जुनी टाकायची नाही. नव्या गोळीला परिणाम दाखवायला एक-दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी रक्त तपासून "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, औषधाला वेळ द्या.

दीड लाखाचा हट्ट

इथे ध्येय साधारण पन्नास हजार आणि रक्तस्राव नाही, एवढंच असतं. रिपोर्टवरची दीड लाखाची, म्हणजे निरोगी माणसाच्या किमान काउंटची, रेघ तुमच्यासाठी नाही. काउंट फार चढला तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून दोन लाखांच्या वर गेला की डॉक्टर डोस कमी करतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

रोज वेगवेगळ्या लॅबमध्ये काउंट करून जीव टांगणीला लावू नका. एकच लॅब धरा. अंगावर एकही ठिपका नसताना काउंट अचानक पाच हजार आला तर आधी स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा तपासलं की खरा आकडा कळतो.

घरगुती उपाय

पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या दिवसांत गल्लोगल्ली चालतो. आयटीपी हा वेगळा आजार आहे, त्यात तो रस काम करतो याला भरवशाचा पुरावा नाही.

गुळवेलीबद्दल मी जास्त कडक आहे. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने लोक तिचा काढा घेतात, आणि आपला आजार तर प्रतिकारशक्तीनेच घडवलेला. त्यात कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये नोंदवलं. एल्ट्रोम्बोपॅगही यकृतावर ताण आणू शकतं, म्हणून तर सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि मग महिन्याला एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करतात. दोन्ही एकत्र चालू असतील तर यकृताची एन्झाइम कशाने वाढली हे डॉक्टरांनी ओळखायचं कसं? एलएफटी चुकवू नका, आणि डोळ्यांची तपासणीही ठेवा, मोतीबिंदूकडे लक्ष द्यावं लागतं.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

डोकं दुखलं की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेणं. पॅरासिटॅमॉल चालतं, तेही प्रमाणात.

तापासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेणं. स्नायूत रक्त साकळतं.

दात काढायला जाताना आयटीपी आहे हे न सांगणं.

पाळीत रक्त फार जात असताना "आमच्याकडे सगळ्यांनाच असं" म्हणून गप्प बसणं. त्यावर गोळ्या आहेत, विचारा.

काउंट कमी दिसताच प्लेटलेटची पिशवी चढवायला नातेवाइकांनी हट्ट धरणं. चढवलेल्या प्लेटलेटही शरीर तशाच नष्ट करतं. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तेव्हा डॉक्टर त्या देतात, नुसता आकडा बघून नाही.

पायावरच्या ठिपक्यांना घाबरणं आणि तोंडातल्या रक्ताच्या फोडांकडे दुर्लक्ष करणं. तोंडातले फोड जास्त गंभीर, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि डोक्याला मार लागला, आजवर कधी नव्हतं असं डोकं दुखू लागलं, उलटीबरोबर गुंगी आली, बोलताना जीभ अडखळली किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, आणि आयटीपी आहे हे दारातच सांगा.