लेकराला अंगणवाडीत घालताना काय बघायचं

बीड जिल्ह्यात, वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावात तीन वर्षांच्या लेकरासाठी दोनच वाटा: गावातली अंगणवाडी, नाहीतर पिवळ्या गाडीनं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला. मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले, तरी आयाबाया अजून येतात, "काकू, कुठं घालू?" म्हणून. अंगणवाडी चांगली चालत असेल तर एवढ्याशा लेकराला गाडीत कोंबून पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती चांगली चालते का, हे आईबापानं स्वतः बघायचं.

नाव घालायला जन्मदाखला आणि आधार कार्ड घेऊन अंगणवाडीच्या ताईकडं, म्हणजे सेविकेकडं जा. फी नसते. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना आहार घरी मिळतो, तीन ते सहाची तिथंच शिकतात नि जेवतात.

मग एके दिवशी न सांगता जा आणि तासभर बसा. लेकरांच्या हातात काय आहे? मणी, ठोकळे, चिंचोके असले पाहिजेत. एक ते वीस घडाघडा म्हणणाऱ्या लेकराला चिंचोक्यांच्या ढिगातून "पाच दे" म्हणा. पुष्कळ लेकरं इथंच अडतात, कारण आकडे नुसते पाठ असतात. पाचच उचलून दिले तर समजा, ताई शिकवते. गोष्ट सांगताना ती मधेच थांबून "मग काय झालं असंल?" विचारते का? तांड्यावरच्या लेकरानं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत उत्तर दिलं तर ऐकून घेते का? पाटी-पेन्सिलची घाई नको. शेंगा सोलून, कणीक मळून आधी बोटांत जोर येऊ द्या. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, तोवर वेळ आहे.

पातेल्यातही डोकवा. सरकारी नियमानं या वयाला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळायची असतात. म्हणजे खिचडीत डाळ दिसली पाहिजे. वजन दर महिन्याला होतं, ते तुमच्यासमोर करायला लावा. वजनाच्या कार्डावर लेकरू हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात असलं तरी दोन-तीन महिने वजनाची रेघ सपाट गेली, तर दवाखान्यात दाखवा.

काही खटकलं तर आधी ताईशी बोला. रजिस्टरं, मोबाइलवरच्या नोंदी, गृहभेटी, सगळं तिच्याच गळ्यात असतं. तरी फरक पडला नाही तर पर्यवेक्षिकेकडं, आणि पुढं बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं लेखी द्या. चार आया मिळून सही करा, एकटीचा कागद मागं पडतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी ताईला सांगून स्थलांतराची नोंद करून घ्या. कारखान्याच्या भागातल्या अंगणवाडीत लेकराला आहार मागता येतो. आधारबरोबर वजनाचं कार्डही पेटीत टाका, आणि कोप्या, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्या कोणत्या गावाला पडणार ते टोळी नेणाऱ्या मुकादमाला आधीच विचारून ठेवा, म्हणजे ताईला गावाचं नाव देता येईल.