हॉट रॉडसाठी भक्कम फ्रंट एक्सल कसा निवडावा

जुन्या गाडीचं हॉट रॉड (जोरदार इंजिन घालून, रूप पालटून केलेली गाडी) करायचं ठरलं की सगळा जीव इंजिनात अडकतो आणि पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधला आडवा दांडा, 'मिळाला तो बसवला' असा उरकला जातो. खरं तर ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, खड्डा आधी पुढचंच चाक खातं आणि स्टेअरिंगचा सगळा भरवसा त्याच दांड्यावर असतो. कोल्हापुरात उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत लेथ, फाऊंड्री, मशीन शॉप सगळं हाताशी आहे. इथे तरी हे काम नीटच व्हायला हवं.

हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आहे. गाडी रस्त्यावर आणायची की खासगी मैदानातच ठेवायची, ते आत्ताच ठरवा.

मग वजन. उसाच्या गाड्यांमुळे आपल्याकडे वजनकाट्यांना तोटा नाही. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर बसवून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. या आकड्याशिवाय एक्सल शोधू नका. 'टाटा ४०७ चा टाका, कधी तुटायचा नाही' असा सल्ला हमखास मिळेल. तुटणार नाही हे खरं, पण हलक्या गाडीला तो फार जड होतो. चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी उसळत राहतं आणि ब्रेक-स्टेअरिंग दोन्ही बिघडतात.

पुढचा प्रश्न पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जागेचा, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. जुन्या फोर्डला पुढे एकच आडवा पाटा असे आणि त्याची टोकं एक्सलवर चाकांच्या जवळ टेकत. जीपसारख्या गाडीत दोन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला धरून बसवलेले पाटे बरेच आत असतात. चाकाच्या मध्यापासून पाट्याच्या बैठकीपर्यंत जेवढं अंतर, तेवढा एक्सलला वाकवणारा जोर वाढतो. समजा एका चाकावर ३०० किलो भार आहे. अंतर १० सेंटीमीटरचं ३० झालं, की हा जोर तिप्पट. म्हणजे आडव्या पाट्यावर वर्षानुवर्षं टिकलेला एक्सल उभ्या पाट्यांवर टिकेलच असं नाही.

आता आय-बीम की पाइप? फोर्डच्या मॉडेल ए आणि १९३२ च्या गाड्यांना फोर्जिंगचा (तापवून, ठोकून घडवलेला) आय-बीम, म्हणजे इंग्रजी 'I' आकाराच्या छेदाचा एक्सल होता. १९३७ च्या लहान व्ही-८ ला पाइपचा एक्सल आला. पाइप पिळाला कडक, आय-बीम थोडा पिळतो. एक चाक गतिरोधकावर चढलं आणि दुसरं खालीच राहिलं, की हेअरपिन किंवा दोन भागांत कापलेलं विशबोन (दोन्ही एक्सलला चासीशी जोडणारे दांडे) एक्सलला पीळ देतं. आय-बीम तो पीळ सोसतो. पाइप सोसत नाही, मग सगळा ताण ब्रॅकेट आणि वेल्डिंगवर जातो आणि तिथे चिरा पडतात. म्हणून हेअरपिन असेल तर आय-बीमच घ्या. पाइप आवडत असेल तर फोर-बार लिंक (दर बाजूला दोन समांतर दांडे) लावा. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीला फोर्जिंगचा आय-बीमच बरा.

जुना एक्सल घेताना तो फोर्जिंगचाच आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोर्जिंगच्या कडेने जाडसर, घासून काढलेली पट्टी दिसते. कास्टिंगची (ओतीव कामाची) रेघ बारीक असते. शंका वाटली तर बिनकामाच्या कोपऱ्यावर ग्राइंडर हलकाच टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब आणि लख्ख उडतात. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) आखूड, लालसर, लगेच विझणाऱ्या. बिडाचा निघाला तर फुकटसुद्धा घेऊ नका.

मग दोन्ही किंगपिनच्या (ज्या खिळीवर चाक वळतं तिच्या) भोकांत सरळ सळ्या घालून बाजूने बघा. बाजूने सळ्या एकमेकींवर जुळल्या नाहीत, तर एक्सल पिळलेला आहे. भोकं लांबट झाली असतील तर नवी किंगपिन घालूनही खेळ राहतो. शेवटी एक्सल स्वच्छ धुऊन मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकाने बारीक चिरा शोधणारी तपासणी) करून घ्या. पाट्याची बैठक, किंगपिनचा डोळा आणि वाकवलेला भाग नीट तपासायला सांगा. गॅसने तापवून सरळ केलेला किंवा वेल्डिंगने जोडलेला एक्सल परत करा.

गाडी बसकी दिसावी म्हणून ४ इंच ड्रॉपचा (टोकांपेक्षा मधला भाग तेवढा खाली असलेला) एक्सल अनेकांना हवा असतो. पण जुनाच एक्सल तापवून, ओढून ड्रॉप केला असेल तर वळणापाशी धातू पातळ झालेला असतो. तिथली जाडी कॅलिपरने मोजा आणि सरळ भागाशी ताडून बघा. शोभेसाठी भोकं पाडलेला एक्सल प्रदर्शनात छान दिसतो, गगनबावड्याच्या घाटात उतरायला मात्र नको.

बसवताना कॅस्टर (किंगपिनचा मागे कल) ५ ते ७ अंश आणि टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत) १.५ ते ३ मिलीमीटर ठेवा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिन-बुशचा. पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट परत आवळा आणि लिंकच्या प्रत्येक ब्रॅकेटचं वेल्डिंग टॉर्च मारून बघा.