मुरमांचे डाग आणि खड्डे: आधी फरक ओळखा

खिडकीपाशी बाजूने उजेड येईल असे बसा आणि गालावरून बोट फिरवा. त्वचा सपाट, फक्त रंग काळपट असेल, तर तो डाग. बोटाला खळगा लागला, तर आतले कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) नष्ट झालेले आहे; तो खड्डा कोणत्याही क्रीमने भरून येत नाही.

डाग बहुधा काही महिन्यांत फिकट होतात, पण ऊन लागले की पुन्हा गडद होतात. म्हणून रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन, चेहरा व मानेला दोन बोटांच्या लांबीइतके. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रात्री कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे ०.१ टक्का अ‍ॅडापलीन (मुरमांवर लावायचे औषध), पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. घाई केली तर त्वचा सोलवटते आणि सावळ्या त्वचेवर त्या जळजळीचाच नवा डाग उठतो. गरोदरपणात हे औषध नको.

लिंबू, टूथपेस्ट टाळाच. स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ क्रीम तर अजिबात नको: चार दिवस चेहरा उजळतो, मग मुरमे दुप्पट जोराने येतात.

खड्ड्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञच हवा. रुंद, उथळ खड्ड्यांना सबसिजन (खड्ड्याला खाली ओढणारे तंतू सुईने तोडणे) किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे; चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा), सुईच्या टोकासारख्या खोल छिद्रांना टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल). मात्र नवी मुरमे आधी आटोक्यात आणा. दुखऱ्या गाठी येत असतील तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका, गाठी फोडू नका. खड्डे बहुधा त्यांतूनच पडतात.