तत्त्वज्ञांची फिल्म गावात कशी दाखवावी आणि लोकांचं म्हणणं कसं टिपावं

‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. मालवणजवळच्या आमच्या वाचनालयात मी ही फिल्म पहिल्यांदा लावली तेव्हा शेवटी उभं राहून तेच विचारलं. सत्तावीस माणसं होती. सत्तावीस जणांनी ‘बरी आसा’ म्हटलं आणि चपला शोधायला लागली.

फिल्म म्हणजे ॲस्ट्रा टेलर यांची ‘एक्झामिन्ड लाइफ’, २००८ सालची. न तपासलेलं आयुष्य जगण्याच्या लायकीचं नाही, या सॉक्रेटिसच्या म्हणण्यावरून नाव घेतलंय. आजचे विचारवंत वर्गाबाहेर पडून रस्त्यात, बागेत, गाडीत बसून बोलतात. प्रत्येकाला साधारण दहा मिनिटं. सार्वजनिक खेळासाठी परवानगी लागते, ती आधी काढा.

दिवस निवडायचा तो मासेमारी बंदीतला. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, खलाशी घरी. अडचण पावसाची. आमच्या पत्र्यावर सर लागली की शेजारचा माणूसही ऐकू येत नाही. म्हणून स्पीकर पडद्याशी न ठेवता मधल्या बाकाखाली ठेवा. वीज जाणारच, तेव्हा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घ्या. फिल्म इंग्रजीत आहे. तीनदा बघून प्रत्येकाचा मुद्दा पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहून काढा, आणि प्रत्येक भागानंतर फिल्म थांबवून वाचा.

क्रमही मी बदलतो. दिग्दर्शिकेला रुचणार नाही, पण आमच्याकडे सुरुवात मायकेल हार्टपासूनच हवी. हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या तळ्यात होडी वल्हवत क्रांतीबद्दल बोलतात. क्रांती कुणी ऐकली नाही. ‘वल्हां कशी धरल्यान बघ!’ म्हणून अख्खा मागचा बाक हसत होता. हसू द्या. गप्प करायला जाल तर पुढचे सगळे भाग गप्प जातील. इथल्या माणसाला रात्रभर दशावतार बघायची सवय आहे. तिथे संवाद लिहिलेले नसतात, समोरच्याने टाकलेल्या मुद्द्याला नटाने जागच्या जागी उत्तर द्यायचं असतं. आमच्यातल्या एका जुन्या नटाची तक्रार तर फार नेमकी होती: हा माणूस दहा मिनिटं बोलतोय, पण ह्याच्यासमोर कोणी उभा का नाही? मी ती वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे.

समोर उभं राहायचं काम मग प्रेक्षकांना द्या. पीटर सिंगर न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, महागड्या दुकानांसमोर बोलतात. त्यांचा १९७२ च्या लेखातला दाखला प्रसिद्ध आहे: उथळ तळ्यात पोर बुडतंय, तुम्ही कपडे-बूट खराब होतील म्हणून थांबाल का? नाही ना, मग त्याच पैशात दूरचं पोर वाचत असेल तर का थांबता? इथे ‘पटलं का?’ न विचारता ‘तुम्ही काय केलं असतं?’ विचारा. आमच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, बूट बाजूलाच टाकले. ‘फुडसून धरूचा नाय. गळ्याक मिठी मारतलो नि दोगंय तळाक. फाटसून केसांका धरूचा.’ मी म्हणणार होतो की मुद्दा तो नाही. नशीब, म्हणालो नाही. कारण पाठोपाठ कॉलेजातली एक मुलगी बोलली, की दूरच्या पोराला मागून धरायचं म्हणजे नेमकं काय, पैसे पाठवले की तेही आपल्याला खाली ओढणार नाही कशावरून? मदत कशी करावी यावर पाऊण तास गेला. सिंगर असते तर त्यांनाही उत्तर द्यावं लागलं असतं.

स्लावोय झिझेक लंडनमध्ये कचऱ्याच्या ढिगांत उभे राहून पर्यावरणवादालाच अफू म्हणतात आणि कचऱ्यावर प्रेम करायला सांगतात. मला ते दाखवण्यापुरतं वाटतं. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त ओढणाऱ्यांना तर मुळीच चाललं नाही. हा भाग वेळ उरला तर लावा.

वेळ राखून ठेवायचा तो जुडिथ बटलर आणि दिग्दर्शिकेची बहीण सुनौरा यांच्यासाठी. सुनौरा चाकाच्या खुर्चीत आहेत. दोघी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यातून ‘फिरायला’ निघतात, जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वेटर घेतात. कॉफीचा कप तोंडात धरून नेला की लोक कसे बघतात, मदत मागणं सोपं का नसतं, हे सुनौरा सांगतात. या भागानंतर कुणी काही बोलणार नाही. प्रश्न विचारू नका, दिवेही लगेच लावू नका. सरबत द्या आणि त्या दिवसाचं काम संपवा.

वही मात्र बंद करू नका, पिशवीत ठेवा. तीन दिवसांनी बाजारात सुका बांगडा मोजता मोजता एक बाई म्हणाल्या, ‘भाऊनू, माझी सासू लकव्यापासून चारचौघांत जेवणा नाय. लोक बघतत म्हणान. माका वाटायचा, ती हट्टी आसा.’ शब्द बदलू नका, शुद्ध करू नका, तारीख घाला. मी तिथेच तागडीशेजारी लिहून घेतलं.

पुढच्या वेळी पडदा आमच्या खळ्यात लावा, असंही त्यांनी सांगितलंय. सासू पडवीतून बघेल. गणपतीनंतर पाऊस उतरला की लावणार आहे. प्लग पडवीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा वीस मीटर वायर जवळ ठेवलेली बरी.