डोंगरउतारावर गायी-शेळ्या पाळताना
वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या डोंगरउतारावर दोन-चार गायी आणि दहा शेळ्या पाळायच्या असतील, तर जनावरे आणण्यापूर्वी एक संपूर्ण पावसाळा त्या जमिनीवर काढावा. पाणी कोठून उतरते आणि कोठे साचते, हे त्याशिवाय कळत नाही. गाय डांगी जातीची निवडावी, कारण कातडीवरील तेलकट स्रावामुळे ती मुसळधार पावसातही तग धरते. शेळ्यांना प्रत्येकी सुमारे १० चौरस फूट कोरडी, उंचावरची जागा हवी. त्या ओल्यात उभ्या राहिल्या की खुराच्या बेचक्यातील कातडी पांढुरकी, मऊ पडते आणि कुबट वास येतो, तीच खूर सडण्याची सुरुवात. आंत्रविषार, म्हणजे शेळ्यांच्या आतड्यात विष तयार होणारा रोग, त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. गवत मात्र दिवाळीच्या सुमारास कापून, उन्हात वाळवून गंजी घराजवळ रचावी. डोंगरावर ठेवलेली वर्षाची वैरण वणव्यात जाताना मी स्वतः पाहिली आहे.